वासा कोण धरणार

पद्मावतीला ती फाईल सापडली उंड्यांच्या पिशवीखाली. सकाळी पाव घेऊन पोदेर येऊन गेला होता. तिने मेजावरची पिशवी उचलली आणि खाली ती, पिवळट पुठ्ठ्याची, लाल नाडी बांधलेली. तिचे यजमान गोकुळदास पेडण्याच्या मामलेदार कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले त्याला सात वर्षं होऊन गेली, पण फाईल उघडल्याशिवाय त्यांचं कशातच ठरत नाही. घराला रंग द्यायचा तर फाईल, फ्रीज बदलायचा तर फाईल. मुलासाठी, गौरेशसाठी, मुली पाहायला लागले तेव्हा दोन फायली होत्या, एक स्थळांची आणि एक नकारांची. त्यामुळे नुसत्या फाईलीचं तिला काही वाटलं नाही. वर सुबक अक्षरात विषय होता: ‘उथळ पाण्यातला विजेवर चालणारा नांगर विकत घेण्याबाबत.’ तेही तिला ठाऊक होतं. दिवाळीपासून घरात दुसरं बोलणंच नव्हतं.

चहाचा कप पुढ्यात घेऊन तिने सहज नाडी सोडली. मुद्दे एकूण अकरा. पहिला, गरीने मासे मारण्याचा छंद किती वर्षांचा आहे त्याबद्दल. दुसरा ‘सद्यस्थिती’. त्याखाली लिहिलं होतं: ‘सध्या होडी स्थिर ठेवण्याचे काम घरगुती व्यवस्थेतून होते. सदर व्यवस्था प्रकृतीच्या कारणास्तव यापुढे उपलब्ध होणार नाही.’

तिने ते दोनदा वाचलं. मग उठून चहा मोरीत ओतला.

घरगुती व्यवस्था म्हणजे ती. पद्मावती, वय एकोणसाठ.

हळर्णच्या अंगाने शापोरा नदी वाहते. भरती-ओहोटी इथवर पोचते, आणि ओहोटी लागली की काठाच्या बाजूला कंबरभर, छातीभर पाणी उरतं. चोणाक मासा अशाच पाण्यात सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, मागे येतो. तिथे लोखंडी नांगर टाकला तर दणका बसतो, गाळ उठतो आणि मासा पसार होतो. शिवाय नांगराच्या दोरावर होडी वाऱ्याबरोबर फिरत राहते, गरीची दोरी सैल पडते. म्हणून होडीच्या मागच्या टोकाला एक माणूस लागतो. त्याने लांब बांबूचा वासा आवाज न करता चिखलात रोवायचा आणि होडी त्याला लावून धरायची. गाठ मारायची नाही. दोराचा एकच फेरा वाशाभोवती, टोक मुठीत, वासा खांद्याशी. मोठा मासा लागला की फेरा तत्क्षणी सोडायचा आणि होडी माशामागे जाऊ द्यायची, नाहीतर दोरी तोडून जातो. असं दोन तास, कधी तीन. पुढच्या टोकाला बसलेला माणूस मासा मारतो आणि गावात त्याचं नाव होतं.

गोकुळदासांचं नाव पार धारगळपर्यंत झालेलं आहे.

आधी मागे त्यांचा चुलतभाऊ विठू बसायचा. तो आगबोटीवर नोकरीला गेला आणि गोकुळदास बायकोला म्हणाले, कोणी मिळेपर्यंत जरा तू बस. तेव्हा गौरेश दोन वर्षांचा होता. त्याला सासूकडे ठेवून ती जाऊन बसली. गौरेश आता तेहेतीस वर्षांचा आहे. एकतीस वर्षांत कोणी मिळालं नाही, कारण कोणी शोधलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिनेही शोधा म्हटलं नाही. तिला नदी आवडायची. घरी सासू, सासऱ्यांचं पथ्य, काजूची बाग, दोन गुरं, आणि ‘पद्मा, हे कुठे आहे गो’ असं दर पाच मिनिटांनी. होडीत तेवढे दोन तास कोणी हाक मारत नसे. नवरा पाठमोरा बसलेला, त्याला बोललेलं चालायचं नाही. ती वाशाच्या टोकाने नदीचा तळ चाचपत राही. कुठे रेती आहे, कुठे मऊ चिखल, कुठे शिंपल्यांचा थर, कुठे जुन्या बांधाचे दगड, हे हळर्णच्या त्या मैलभर पाण्यात तिच्याइतकं कोणालाच कळत नाही. चोणाक कुठे लागेल हे गोकुळदास ठरवतात असं सगळे म्हणतात. होडी कुठे थांबेल हे मात्र ती ठरवत आली.

एवढं करून तिला मिळायचं काय, तर होडी वीतभर हलली की पुढून मान न वळवता एक वाक्य: “झोप लागली काय गो?”

यंदा गणपतीच्या चवथीनंतर तिचा डावा खांदा आखडला. वेणी घालायला हात वर जाईना. म्हापशाच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं, व्यायाम दिले आणि सांगितलं की या खांद्याने काही रोवायचं नाही, काही उपटायचं नाही. घरी येताना बसमध्ये गोकुळदास बराच वेळ गप्प होते. तिला वाटलं, आपल्या दुखण्याची काळजी करताहेत. कोलवाळचा पूल ओलांडताना ते म्हणाले, “मग आता वासा कोण धरणार?”

हे त्यांच्या मनात वाईट म्हणून आलं नव्हतं, आणि राग येण्यासारखं तेच होतं.

मग गौरेशने मोबाईलवर तो नांगर दाखवला. तो पर्वरीला एका बँकेत आहे आणि बापाला नवीन वस्तू दाखवायची त्याला फार हौस. आठ फुटांचा फायबरचा दांडा. होडीच्या मागच्या फळीला एक यंत्र बसवायचं, त्यातून तो दांडा खाली जातो, तळात घुसतो, होडी जागच्या जागी. बटण गळ्यात अडकवायचं. दाबलं की खाली, पुन्हा दाबलं की वर. आवाज अगदी कमी. परदेशातून मागवायचा, म्हणजे जकात धरून लाखाच्या घरात जातो.

त्यावर गोकुळदासांचे अकरा मुद्दे. खारं पाणी लागून यंत्र किती टिकेल. बॅटरीचं वजन जुन्या लाकडी होडीला पेलेल की मागचं टोक बुडेल. मागची फळी कुजकी आहे, तिच्यावर एवढा ताण येऊ द्यावा का. आठ फुटांहून खोल पाण्यात त्याचा उपयोग शून्य, मग भरतीला काय करायचं. बिघडला तर दुरुस्त कोण करणार. पावसाळ्याचे चार महिने तो ठेवायचा कुठे. शेवटी दरवेळी होडीत सोडून येता येणार नाही, काढून घरी आणायला हवा, तो कोण आणणार. या शेवटच्या मुद्द्यापुढे पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं, ‘पद्मा?’

म्हणजे होडीत बसायला खांदा गेलेला, आणि यंत्र वाहून आणायला खांदा आहे.

तिने फाईल होती तशी नाडी बांधून ठेवली आणि त्या दिवशी जेवणात मीठ घातलं नाही. गोकुळदास मुकाट जेवले. एकदा मात्र विचारलं, तब्येत बरी आहे ना. ती म्हणाली, व्यवस्था बरी आहे. त्यांना कळलं नाही.

रविवारी गौरेश आणि सून प्रिया आले, आणि गौरेशने धारगळचा आपला मित्र साईश यालाही बोलावलं होतं. साईश हायवेवर टायरचं दुकान चालवतो आणि उरलेला जीव माशांत. त्याच्याकडे फायबरची होडी होती आणि तिला तोच नांगर बसवलेला होता. गोकुळदासांनी घेण्याआधी डोळ्यांनी पाहावा म्हणून लवकर जेवून दुपारच्या ओहोटीला जायचं ठरलं.

जेवताना सगळा वेळ नांगराचाच विषय. साईश प्रामाणिक माणूस. त्याने गुण सांगितले तसे दोषही सांगितले. दगडांवर दांडा टिकत नाही, नुसता नाचतो. अगदी मऊ गाळात वारा जोराचा असला तर होडी हळूहळू सरकते. दर वेळी गोड्या पाण्याने धुवावा लागतो. पण एकट्या माणसाला, तो म्हणाला, याच्यासारखं सुख नाही.

“तेच तर,” गौरेश म्हणाला. “बाबा, तुम्हाला कोणाची वाट पाहायला नको. मनात आलं की एकटे जाल.”

पद्मावती सोलकढी वाढत होती. तिचा हात थांबला. एकटे हा शब्द त्याने इतक्या आनंदाने म्हटला होता, जणू बापाच्या पायातली बेडी काढून देतो आहे.

प्रिया चांगली मुलगी आहे. तिला सासूच्या तोंडाकडे बघून काहीतरी बोलावंसं वाटलं. ती म्हणाली, “आणि आईंनाही आराम. इतकी वर्षं उन्हातान्हात बसल्या. आता ओट्यावर बसून मोबाईलवर सिरियल बघतील.”

पद्मावतीने सोलकढीचं भांडं खाली ठेवलं. आवाज जरा मोठा झाला. ती म्हणाली की दुपारी आपणही येणार. गोकुळदास म्हणाले, तू कशाला, ऊन आहे. ती म्हणाली, एकतीस वर्षं तेच ऊन होतं.

साईशची होडी ऐसपैस होती. गोकुळदास पुढे, साईश आणि गौरेश मध्ये, ती मागे, सवयीने. प्रिया काठावरच राहिली. साईशने होडी कुठे नेऊ म्हणून विचारलं तेव्हा गोकुळदासांनी हात करून दाखवलं, आणि ती मागून म्हणाली, तिथे शिंपलं आहे, जरा वर घ्या, वडाच्या मुळाच्या समोर. साईशने वर घेतली. त्याने बटण दाबलं. तिच्या कुशीला लागून यंत्र घुरघुरलं, दांडा सरळ खाली गेला, थोडा थरथरला आणि थांबला. होडीही थांबली. छान थांबली. ओहोटीचं पाणी दोन्ही बाजूंनी सळसळत गेलं तरी ती तसूभर हलली नाही.

वाईट म्हणायला काही नव्हतं, आणि तिला काहीतरी वाईट निघावं अशी फार इच्छा होती. अर्धा तास ती त्या दांड्याकडे शत्रूकडे पाहावं तशी पाहत राहिली. तो ढळला नाही. मग तिच्या लक्षात आलं की आपले हात मांडीवर पडलेत. होडीत तिचे हात असे मोकळे कधीच नव्हते. आणि डोळेही मोकळे होते. एकतीस वर्षं तिने समोर पाहिलं ते गोकुळदासांच्या सदऱ्याची पाठ आणि वाशावरची आपली मूठ. आता तिने मान बाजूला काढून पाण्याकडे पाहिलं. सुंगटांचा थवा टपटप उडत काठाकडे येत होता. त्याच्यामागे पाणी जरा फुगलं आणि बसलं.

तिच्या माहेरी, आगरवाड्याला, बापाकडे मानशीची मासेमारी होती. मानस म्हणजे बांधातलं ते दार, ज्यातून भरतीचं पाणी शेतात घेतात आणि सोडतात. त्या दाराच्या तोंडाशी बसून ती बारा-तेरा वर्षांची असताना दोरी टाकायची. काठी नाही, चाक नाही. हातात दोरी, टोकाला गरी, गरीला सुंगट. बापाने एकदा पाहुण्यांना सांगितलं होतं, माझ्या घरात मासा हिलाच लागतो. लग्नात हे कोणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. सांगण्यासारखं आहे असं तेव्हा वाटलं नव्हतं.

साईशला तिचं पाहणं दिसलं असावं. तो मागे वळून म्हणाला, “काकी, तुम्ही टाकता काय? माझ्याकडे दुसरी काठी आहे.”

ती तोंड उघडणार तोच पुढून उत्तर आलं.

“ती कुठे टाकते,” गोकुळदास म्हणाले. “ती आपली बसते.”

ते हसले नाहीत, हिणवलंही नाही. पावसाळ्यात पाऊस पडतो असं सांगावं तसं सांगितलं. साईशने काठी खाली ठेवली.

त्यानंतर गोकुळदासांना एक तांबसो लागला. गौरेशने फोटो काढले. परतताना गोकुळदास खुशीत होते. वस्तू घेण्यासारखी आहे, फक्त मागची फळी बदलावी लागेल, असं ते साईशला सांगत होते. मागे बसलेली व्यवस्था वर आलेल्या दांड्याकडे बघत होती. तिला एवढंच कळत नव्हतं की आपल्याला राग कोणाचा आलाय. नवऱ्याचा होताच, त्यात नवीन काही नव्हतं. पण रात्रीचं जेवण झाकून ठेवताना तिला कळलं की सगळ्यात मोठा राग स्वतःचा आहे. यंत्र आपली जागा घेणार म्हणून ती पंधरा दिवस जळत होती. कुठली जागा? मागचीच ना.

सोमवारी ओहोटी सकाळी नवाला लागणार होती. साडेआठला गोकुळदास काठी आणि सुंगटांची बाल्दी घेऊन काठावर आले. नांगर येईपर्यंत गावातल्या बाबलीला विचारून बघू, असं त्यांनी मनात धरलं होतं. बाबली काठावर गवत कापत होताच. पण होडीत आधीच कोणीतरी बसलेलं होतं, तेही पुढच्या टोकाला. डोक्याला टॉवेल बांधलेला, मांडीवर लाकडाच्या फळकुटाला गुंडाळलेली जाड नायलॉनची दोरी.

“उतर गो,” गोकुळदास म्हणाले. “डॉक्टरने काय सांगितलंय तुला?”

“डाव्या खांद्याने वासा रोवू नको म्हणून सांगितलंय. घरी बस म्हणून डॉक्टरने सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगितलंत.”

“मग वासा कोण धरणार?”

“तुम्ही.”

गोकुळदासांनी बाबलीकडे पाहिलं. बाबलीने विळा हातात तसाच धरला होता आणि गवताकडे मुळीच पाहत नव्हता.

“असं कसं,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “तुला दोरी टाकता येत नाही.”

“कोणी सांगितलं?”

त्यांनी आठवून पाहिलं असणार. कोणीच सांगितलं नव्हतं.

“अकरा मुद्दे लिहिलेत,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण बाबलीला एकही शब्द निसटला नाही. “फळी कुजली आहे का, बॅटरीने होडी बुडेल का, जकात किती, पावसात ठेवायचं कुठे. मला वाहून आणायला सांगायचं का, तेसुद्धा लिहिलंत. तुमचे दोन्ही खांदे धडधाकट आहेत, हे एवढ्या कागदांत कुठे नाही. माझा डावा गेला म्हणून परदेशातून यंत्र यायला हवं. तुम्ही मागे बसायचं हे मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही. ना तुमच्या, ना तुमच्या मुलाच्या. माझ्यासुद्धा आलं नाही, त्याची मला लाज वाटते. बसा मागे. ओहोटी थांबत नाही.”

नोकरीच्या छत्तीस वर्षांत गोकुळदासांनी साहेब लोकांचे पुष्कळ शेरे वाचले होते, पण असा नाही. त्यांनी बाल्दी होडीत ठेवली. मग होडीत चढले. मागे.

“काय गोकुळदासबाब,” बाबली काठावरून म्हणाला, “आज बढती काय?”

गोकुळदासांनी वासा उचलला आणि होडी ढकलली.

ती सांगत गेली. वडाच्या मुळाच्या समोर, दहा हात अलीकडे. तिथे नको, तिथे रेती, वासा उभा राहणार नाही. आता लावा. आपटू नका, फिरवत फिरवत आत घाला. गोकुळदासांनी वासा असा खचकन मारला की काठावरचा बगळा उडाला. होडी आधी डावीकडे फिरली, मग उजवीकडे. दुसऱ्या खेपेला वासा रुतला, पण होडी वाशापासून हातभर सुटून डुलत राहिली. तिसऱ्या खेपेला कशीबशी लागली. तिने दोरी डोक्याभोवती फिरवून टाकली. पहिल्यांदा ती जवळच पडली. दुसऱ्यांदा बरी. तिसऱ्यांदा गरी जाऊन पडली ती जिथे पाणी फुगतं तिथे, आणि दोरी तिच्या बोटावर ताणून बसली. चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली होती. बोटाला सगळं आठवत होतं.

पाऊण तासात दोन काळुंदर लागले, तळहाताएवढे. मागून घामाचे आणि धापेचे आवाज येत होते. होडी हलायची, ती काही बोलायची नाही. ते वाक्य तिच्या जिभेवर होतं, पण ती थांबली होती. वाया घालवायचं नव्हतं.

मग दोरी हिसकली. एकदा, आणि लगेच अशी गेली की बोट कापत गेली. समोर पाणी फुटलं, त्यातून रुपेरी पाठ वर आली, गोकुळदासांच्या मांडीएवढी, आणि खाली गेली. चोणाक. एवढा मोठा यंदा हळर्णला कोणी पाहिला नव्हता.

“सोडा,” ती म्हणाली. “फेरा सोडा.”

होडी जागची हलली नाही.

“अहो, सोडा.”

गोकुळदासांच्या तळहातांना फोड आले होते. दहा मिनिटांपूर्वी त्यांनी हळूच दोराची गाठ मारून टाकली होती, दोन पक्क्या गाठी, कचेरीतल्या नाडीसारख्या. आता ती गाठ ओली होऊन बसली होती आणि ते नखाने ती उकलायला बघत होते. माशाने एक झटका दिला. दुसरा दिला. नायलॉन तुटल्याचा आवाज बारीक येतो, पण दोघांनीही ऐकला.

तिने उरलेली दोरी ओढून घेतली. बोटातून रक्त येत होतं ते पाण्यात बुडवलं. मग ती मागे वळली. तेवढ्यासाठी तिने अख्खी वळून बसायची तसदी घेतली.

“झोप लागली काय हो?”

गोकुळदासांनी वर पाहिलं. हे शब्द कुठून आले ते त्यांना ओळखू आलं. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं की ओळखू आलं. ते पुन्हा गाठीकडे वळले. गाठ सुटली नाहीच. शेवटी त्यांनी वाशासकट सगळं उपटलं, आणि उपटताना खाली बसले.

त्या दिवशी काळुंदर तळून जेवण झालं. जेवल्यावर ती भांडी घासत असताना उघड्या जनेलातून गोकुळदासांचा फोन ऐकू आला. ओट्यावर बसून ते गौरेशला सांगत होते, तो नांगर मागव. आजच मागव. फळीचं मी बघतो. हो हो, जकात जाऊ दे. अरे माणसाचं काम नाही ते, हाताची सालं निघाली, तुला काय सांगू.

पद्मावतीने हातातली कुलेर मोरीतल्या चमच्यांत टाकून दिली.

एका ओहोटीत. एकतीस वर्षांत जे कळलं नाही ते एका ओहोटीत कळलं, आणि कळलं ते काय, तर माणसाचं काम नाही. तिने हात पुसले, आत गेली, मेजावरची फाईल घेतली आणि त्यांचंच पेन घेतलं. मॅट्रिकला तिचं अक्षर शाळेत पहिलं होतं. अकराव्या मुद्द्याखाली तिने लिहिलं:

‘मुद्दा दोन चुकीचा आहे. होडी स्थिर ठेवण्याचे काम एकतीस वर्षे पद्मावतीने केले. नांगर घ्यायचा की नाही ते पुढच्या दिवाळीनंतर ठरवावे. तोपर्यंत हा मोसम गोकुळदास वासा धरतील व पद्मावती पुढे बसेल. मोसमानंतरही माणसाचे काम नाही असे वाटले तर यंत्र खुशाल घ्यावे. ते आले तरी पुढची जागा एक दिवस हिची, एक दिवस त्यांची.’

फाईल तिने ओट्यावर नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवली. गौरेश अजून फोनवर होता. ती म्हणाली, त्याला सांगा, थांब. गोकुळदासांनी वाचलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. फोनमधून गौरेश बाबा, बाबा म्हणत होता.

“थांब म्हणते तुझी आई,” ते फोनमध्ये म्हणाले आणि बंद केला. मग तिला म्हणाले, “यात ‘हिची’ कोणाची ते स्पष्ट नाही. नाव लिहायला हवं.”

तिने पेन हिसकावून घेतलं, ‘हिची’ खोडलं आणि त्यावर नाव लिहिलं, इतक्या जोराने की कागद फाटायचा बाकी राहिला. त्यांनी खाली सही केली, तारीख घातली. कचेरीत घालायचे तशी, वेळेसकट.

क्षमा वगैरे त्यांनी मागितली नाही. तिनेही त्याची वाट पाहिली नाही. तिचा राग निवाला होता असं कोणी समजू नये. त्या संध्याकाळी प्रियाचा फोन आला, आई दमल्या का, आणि तिने सांगितलं की दमलेत ते तुझे सासरे, त्यांना ओट्यावर बसव, सिरियल दाखव.

मंगळवारी ओहोटी पाऊण तास उशिरा होती. ती काठावर पोचली तेव्हा गोकुळदास आधीच मागच्या टोकाला बसलेले. दोन्ही तळहातांना जुन्या धोतराच्या पट्ट्या बांधलेल्या. बाल्दीत सुंगटं जिवंत होती. दोर वाशाला एकाच फेऱ्याने घातलेला होता आणि त्याचं टोक ते पुन्हा पुन्हा ओढून सोडून बघत होते, सुटतं की नाही ते.

बाबली आजही गवत कापत होता. गवत कधीच संपलं होतं.

ती पुढे जाऊन बसली आणि दोरी उलगडायला लागली.

“कुठे घेऊ?” मागून प्रश्न आला.

“वडाच्या मुळाच्या समोर,” ती म्हणाली. मान वळवली नाही. “आणि चिखल बघा. काल रेतीत मारलात.”